लोकप्रतिनिधींचे आचरण आणि जाब देण्याची रीत



स्मृतिव्याख्यानाच्या व्यासपीठावरून संतवाङ्मय, स्वातंत्र्यसंग्राम, शिक्षण किंवा ग्रामोद्धार अशा विषयांची अपेक्षा केली जाते, आणि आजचा विषय त्या पंक्तीत सहज बसणारा नाही, हे मी जाणून आहे. तरीही चालकांनी तो मान्य केला, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. विधिमंडळाचे कामकाज चालू असता, किंवा सरकारने कामासाठी दिलेल्या यंत्रावर, अश्लील चित्रफीत पाहताना एखादा लोकप्रतिनिधी आढळला, तर त्याने जाब कोणापुढे द्यावा, त्याची चौकशी कोणी करावी, आणि शिक्षा झालीच तर तिची नोंद कोणत्या दफ्तरात राहावी, असा हा प्रश्न आहे. असली बातमी आली की आपण आधी हसतो, मग संतापतो, आणि पंधरवडा उलटण्याच्या आत तिला विसरून दुसऱ्या बातमीकडे वळतो. बांधाच्या वादात तीन पिढ्यांचे कागद काढून बसणारी आपण माणसे या बाबतीत मात्र एकही कागद मागत नाही, याचे मला नवल वाटते. म्हणून आज हे प्रकरण मिसला उघडून, एकेक पान उलटत, आपल्यापुढे ठेवावे असे मनात आहे.

प्रथम घटना. ७ फेब्रुवारी २०१२ रोजी बंगळुरूच्या विधानसौधात विधानसभेचे कामकाज चालू असता, सहकारमंत्री लक्ष्मण सवदी हे आपल्या आसनावर बसून मोबाइलवर अश्लील चित्रफीत पाहत आहेत आणि शेजारचे महिला व बालकल्याणमंत्री सी. सी. पाटील त्या पडद्याकडे डोकावत आहेत, असे दृश्य वृत्तवाहिन्यांच्या कॅमेऱ्यांनी टिपले आणि संध्याकाळपर्यंत ते देशभर दाखवले गेले. तो मोबाइल तिसरे एक मंत्री कृष्ण पालेमार यांचा असल्याचे पुढे आले. उडुपीजवळच्या बेटावर झालेल्या एका मेजवानीत जे गैरप्रकार घडल्याची चर्चा होती, त्यासंबंधी माहिती असावी म्हणून आपण ती फीत पाहत होतो, असा खुलासा सवदींनी केला. पण लोकांच्या रोषापुढे तो टिकला नाही, आणि दुसऱ्याच दिवशी, ८ फेब्रुवारीस, सदानंद गौडा यांच्या मंत्रिमंडळातून तिघेही राजीनामे देऊन बाहेर पडले. ज्या खात्याकडे राज्यातील स्त्रिया आणि मुले यांचे कल्याण सोपवलेले, त्याच खात्याच्या मंत्र्याचे नाव या यादीत असावे, ही त्या प्रकरणातील सर्वांत बोचणारी बाब होती.

हे बंगळुरूचे प्रकरण येथे पांढुर्ण्यात कशासाठी, असे कोणी विचारील तर त्याचे उत्तर नकाशात आहे. सवदींचा मतदारसंघ अथणी; सांगली जिल्ह्याला लागून असलेला, मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा बाजारात आणि घरात ऐकू येणारा तो तालुका. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा बेळगावचा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. आणि त्याच पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्याला मिळाले असता, छिंदवाड्याबरोबर आपला सौसर-पांढुर्ण्याचा संत्र्या-कपाशीचा पट्टा मात्र मध्य प्रदेशातच राहिला. घनश्यामसिंह गुप्त ज्या सभागृहाचे अध्यक्ष होते, त्या नागपूरच्या विधानसभेत आपल्या भागाचे गाऱ्हाणे मांडले जात असे, ते त्यानंतर भोपाळला मांडले जाऊ लागले. राजधानी दूर गेली म्हणजे प्रतिनिधीचे महत्त्व वाढते, कारण मतदाराला स्वतः तेथवर जाऊन पाहता येत नाही. त्याचे डोळे, कान आणि तोंड या तिन्हींचे काम त्या एका माणसाकडे सोपवलेले असते. सीमेवरच्या माणसाला हे सांगावे लागत नाही. अथणीकराला जे कळायला हवे, तेच सौसरकरालाही कळायला हवे, असे मी म्हणतो ते या अर्थाने.

आता त्या राजीनाम्यांचे पुढे काय झाले ते पाहू, कारण माझ्या प्रतिपादनाचा पाया तेथेच आहे. पुढच्याच वर्षी, २०१३ साली, विधानसभेची निवडणूक झाली; तीत पालेमार मंगळूरला आणि पाटील नरगुंदला पराभूत झाले, परंतु ज्यांच्या हातातील पडद्यावरून सारे रामायण घडले त्या सवदींना अथणीच्या मतदारांनी पुन्हा निवडून दिले. २०१८ साली ते हरले, पाटील जिंकले. आणि ऑगस्ट २०१९ मध्ये येडियुरप्पांच्या मंत्रिमंडळात दोघेही मंत्री झाले. इतकेच नव्हे, तर सवदी त्या वेळी कोणत्याही सभागृहाचे सदस्य नसताना उपमुख्यमंत्री झाले. २०२३ साली पक्ष बदलून ते काँग्रेसकडून अथणीतून पुन्हा निवडून आले. यांत बेकायदा असे काहीच नाही. एका चुकीसाठी माणसाला जन्मभर सार्वजनिक जीवनातून हद्दपार करावे, असेही मी म्हणणार नाही. पण याच काळात, ऑक्टोबर २०१९ मध्ये, त्याच विधानसभेत खासगी वृत्तवाहिन्यांच्या कॅमेऱ्यांना चित्रीकरणास मनाई करण्यात आली, ही गोष्ट २०१२ च्या शेजारी ठेवून वाचली म्हणजे विचार पडतो. ज्या साधनाने गैरवर्तन उघड झाले होते, ते साधन सभागृहाबाहेर गेले. आणि ज्या नियमाने गैरवर्तनाचा निवाडा व्हावा, तो नियम लिहिण्याची तेवढी घाई कोणी केली नाही.

तर मग गुन्हा तो कोणता? येथे नीतीच्या आवेशाने बोलणे सोपे आहे, परंतु कायदा आपल्याला तितक्या सोप्या वाटेने जाऊ देत नाही. प्रौढ माणसाने आपल्या घराच्या चार भिंतींत प्रौढांचे असे चित्र पाहणे हा आपल्या कायद्याने गुन्हा ठरवलेला नाही. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६७ वे कलम आणि त्याचे पोटभाग असले साहित्य प्रसिद्ध करणाऱ्याला व पाठवणाऱ्याला पकडतात. बालकांचे लैंगिक शोषण दाखवणाऱ्या चित्रणाची गोष्ट अगदी निराळी. ते शोधणे, पाहणे व जवळ बाळगणे हाही अपराधच आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात ते निःसंदिग्धपणे सांगितले आहे. आपल्याच राज्यातील इंदूरचे वकील कमलेश वासवानी यांनी अशा संकेतस्थळांवर सरसकट बंदी घालावी म्हणून २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली होती. तिच्या सुनावणीत, जुलै २०१५ मध्ये, सरन्यायाधीश दत्तू यांनी प्रौढ माणसाला स्वतःच्या खोलीत असे काही पाहण्यापासून न्यायालय कसे रोखणार, अशी शंका बोलून दाखवली. त्याच महिन्याच्या अखेरीस केंद्र सरकारने ८५७ संकेतस्थळे बंद करण्याचा हुकूम काढला आणि ओरड होताच चार-पाच दिवसांत तो सौम्य केला. खासगी खोलीपुरते कायद्याचे म्हणणे हे असे आहे.

तेव्हा मंत्र्याच्या अपराधाचे मूळ अश्लीलतेत शोधू गेल्यास आपण चुकीच्या ठिकाणी खणतो. याची परीक्षा करायची तर त्या प्रसंगातून अश्लीलता वजा करून पाहावी. सुदैवाने म्हणा की दुर्दैवाने, ही वजाबाकी महाराष्ट्रात प्रत्यक्ष घडून आली आहे. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे हे विधान परिषदेत बसून मोबाइलवर पत्त्यांचा रमी हा खेळ खेळत असल्याचे दिसते, अशी चित्रफीत आमदार रोहित पवार यांनी प्रसिद्ध केली. आपण खेळत नव्हतो, पडद्यावर आलेले काढून टाकत होतो, असे मंत्र्यांचे म्हणणे होते. परंतु सीमेपलीकडच्या वरुड-काटोलपासून नाशिकपर्यंतच्या शेतकऱ्यांत असंतोष उसळला, आणि ३१ जुलै रोजी कृषिखाते त्यांच्याकडून काढून दत्तात्रय भरणे यांच्याकडे देण्यात आले. कोकाट्यांना त्याऐवजी खाते मिळाले ते क्रीडा व युवक कल्याणाचे. खेळाच्या आरोपावरून ज्यांची शेती गेली, त्यांच्याकडे क्रीडा यावी, यात नियतीचा विनोद आहे की राज्यकर्त्यांचा, हे श्रोत्यांनीच ठरवावे. माझा मुद्दा एवढाच की, रमीत अश्लील काही नाही. तरी संत्र्याची फळगळ, कपाशीचा भाव आणि पीकविम्याची रक्कम यांच्या विवंचनेत असलेल्या माणसाला तो प्रकार त्याच ठिकाणी लागला, जेथे कर्नाटकातला लागला होता. दोन्ही ठिकाणी दुखावला गेला तो मतदाराचा विश्वास, की माझे गाऱ्हाणे मांडले जात असता ऐकणारा तेथे ऐकत असेल. सभागृहातील आसन हे अवधानाचे आसन आहे. त्यावरील अवधान विकले किंवा उधळले गेले, तर पडद्यावर काय होते हा दुय्यम प्रश्न ठरतो.

दुय्यम म्हटले, गौण म्हटले नाही; कारण अश्लील चित्राच्या बाबतीत एक अधिक अपराध असतो आणि तो शेजाऱ्याविरुद्ध असतो. कामाच्या ठिकाणी स्त्रीला असले चित्र दाखवणे हा लैंगिक छळ होय, हे सर्वोच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट १९९७ च्या विशाखा निकालात सांगितले, आणि २०१३ च्या कायद्याने त्या तत्त्वाला लेखी रूप दिले. सभागृह हेही कोणाचे तरी कामाचे ठिकाण आहे. तेथे स्त्रीसदस्य बसतात, लघुलेखिका टिपणे घेतात, महिला मार्शल उभ्या असतात. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२२ मध्ये हुजूर पक्षाचे खासदार नील पॅरिश यांच्याविरुद्ध तक्रार केली ती त्यांच्याच पक्षातील स्त्री सहकाऱ्यांनी, जवळ बसलेल्या असताना त्यांच्या मोबाइलवर काय चालले आहे ते नजरेस पडल्यावरून. पॅरिश हे स्वतः शेतकरी. पहिल्या वेळी आपण ट्रॅक्टर शोधता शोधता भलतीकडे गेलो, परंतु दुसऱ्या वेळी मुद्दाम पाहिले, असे त्यांनी कबूल केले आणि ३० एप्रिलला खासदारकी सोडत असल्याचे जाहीर केले. २३ जूनच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पक्षाचे चोवीस हजारांवरचे मताधिक्य मतदारांनी धुऊन टाकले. कबुलीचा तो जबाब लाजिरवाणा होता खरा. पण तो खोटा नव्हता, आणि जबाब देणाऱ्याने आपली शिक्षा इतरांच्या सोयीवर न सोडता स्वतः स्वीकारली.

याच्या उलट उदाहरणही तेथलेच आहे, आणि ते सरकारी संगणकाचे आहे. गृहखात्यातील कागद बाहेर फुटल्याच्या तपासात नोव्हेंबर २००८ मध्ये पोलिसांनी डॅमियन ग्रीन या खासदारांच्या संसदेतील कचेरीची झडती घेतली, तेव्हा तेथल्या संगणकावर अश्लील साहित्य आढळल्याचे म्हटले गेले. ही बाब नऊ वर्षांनी, ग्रीन मंत्रिमंडळात पंतप्रधानांच्या खालोखाल असताना, उघड झाली. ते साहित्य आपण उतरवले नाही की पाहिलेही नाही, हे त्यांचे म्हणणे शेवटपर्यंत कायम राहिले. परंतु असे साहित्य सापडल्याचे पोलिसांनी आपल्याला कळवलेच नव्हते, अशा आशयाची त्यांची विधाने चौकशीत दिशाभूल करणारी ठरली, आणि २० डिसेंबर २०१७ रोजी त्यांना मंत्रिपद सोडावे लागले. म्हणजे शिक्षा झाली ती चित्रांसाठी नव्हे, चित्रांविषयी केलेल्या असत्य कथनासाठी. ज्या निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांनी तपासातील ही माहिती वृत्तपत्रांपुढे नेली, त्यांच्यावरही कठोर टीका झाली, हेही विसरू नये. तपासात हाती आलेले खासगी आयुष्य चव्हाट्यावर मांडण्याचा अधिकार अंमलदाराला नसतो. या एका प्रकरणात मंत्र्याचे सत्यभाषण आणि अंमलदाराची गुप्तता, अशी दोन्ही कर्तव्ये एकाच वेळी कसास लागली.

आणि निर्दोष माणसाचे काय? कर्नाटकातील प्रकरणाची राळ खाली बसण्यापूर्वीच, मार्च २०१२ मध्ये, गुजरात विधानसभेत शंकर चौधरी आणि जेठा भरवाड या दोन आमदारांवर टॅबलेटवर आक्षेपार्ह चित्रे पाहिल्याचा आरोप झाला. यंत्रे न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तपासली गेली, तसे काही त्यांत आढळले नाही, आणि दोघांवरचा ठपका दूर झाला; चौधरी डिसेंबर २०२२ मध्ये त्याच विधानसभेचे अध्यक्ष झाले. लोकांच्या मनातील संशय अशा तपासानेही कधी कधी धुतला जात नाही. परंतु तपासच झाला नसता, तर त्या दोघांची अब्रू कायमची गहाण पडली असती. ओडिशात डिसेंबर २०१५ मध्ये एका काँग्रेस सदस्याला अध्यक्षांनी सात दिवसांसाठी निलंबित केले. त्रिपुरात मार्च २०२३ मध्ये भाजपच्या एका सदस्याची चित्रफीत पसरली. कर्नाटकाच्याच विधान परिषदेत जानेवारी २०२१ मध्ये काँग्रेसचे एक सदस्य कॅमेऱ्यात सापडले आणि आपण मोबाइलमधील जुने साठलेले काढून टाकत होतो असे म्हणाले. एकाच स्वरूपाच्या आरोपाला एका ठिकाणी मंत्रिपद गमावणे, दुसऱ्या ठिकाणी आठवडाभर घरी बसणे, तिसऱ्या ठिकाणी चार दिवसांची कुजबूज, अशी फळे मिळाली. पक्ष कोणताही असो, फळ ठरले ते कॅमेऱ्याचा कोन, विरोधकांचे बळ आणि निवडणूक किती जवळ आहे, यांवरून.

आता आपल्या तहसील कचेरीकडे या. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा झाला, आणि जिल्ह्याचे दफ्तर गावात आले. त्या दफ्तरातील एखाद्या कनिष्ठ लिपिकाने सरकारी संगणकावर असले चित्र पाहिले, तर काय होईल? मध्य प्रदेश नागरी सेवा (आचरण) नियम, १९६५ मधील तिसरा नियम त्याच्याकडून सचोटी व कर्तव्यनिष्ठा मागतो आणि पदाला न शोभणारे वर्तन निषिद्ध ठरवतो. त्याला निलंबित करता येईल, आरोपपत्र द्यावे लागेल, त्याचा जबाब घ्यावा लागेल, साक्षीपुरावा तपासावा लागेल. आणि दोष सिद्ध झाल्यास १९६६ च्या नियमांप्रमाणे ठपक्यापासून वेतनवाढ रोखण्यापर्यंत आणि सक्तीच्या निवृत्तीपासून बडतर्फीपर्यंत पायरीपायरीने शिक्षा देता येईल. त्याला अपील आहे, आणि बडतर्फीच्या प्रसंगी राज्यघटनेच्या ३११ व्या अनुच्छेदाचे संरक्षणही आहे. मुख्य म्हणजे सारे त्याच्या सेवापुस्तिकेत नोंदले जाईल. आमदाराला सेवापुस्तिका नाही. घटनेच्या १९१ व्या अनुच्छेदात अपात्रतेची जी कारणे आहेत त्यांत असले वर्तन नाही. १९८५ साली बावन्नाव्या दुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले, त्यानुसार पक्षादेश मोडून मत दिल्यास सदस्यत्व जाऊ शकते; म्हणजे सभागृहात जागा राहून स्वतःच्या विवेकाने हात वर करणाऱ्याला आपल्या कायद्यात शिक्षा लिहिलेली आहे, आणि त्याच सभागृहात पडद्यात डोके घालून बसणाऱ्याला लिहिलेली नाही. या विसंगतीचे समर्थन मला तरी सुचत नाही.

सभागृहाला अधिकार नाही म्हणावे, तर तसेही नाही. १९५१ साली मुंबईचे एच. जी. मुद्गल यांनी सराफ व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन अस्थायी संसदेत तिची कामे केल्याचा प्रश्न आला, तेव्हा स्वतः पंतप्रधान नेहरूंनी चौकशीचा ठराव मांडला, टी. टी. कृष्णम्माचारींच्या समितीने साक्षी घेतल्या, आणि हकालपट्टीच्या ठरावाच्या तोंडावर मुद्गलांनी राजीनामा दिला. त्या वेळी अध्यक्षपदी गणेश वासुदेव मावळंकर होते. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्यावरून अकरा खासदारांना संसदेने काढून टाकले, आणि २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो अधिकार मान्य केला. राज्यसभेत १९९७ साली पहिली नीतिविषयक समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष नांदेडचे शंकरराव चव्हाण होते; कडक शिस्तीबद्दल ज्यांना हेडमास्तर म्हणत, त्यांच्याकडे हे काम जावे हे उचितच झाले. मराठी माणसांचा हात लागलेली अशी परंपरा असता, साध्या वर्तनाचे नियम मात्र राज्याराज्यांत विस्कळीत राहिले. मध्य प्रदेश विधानसभेने ऑगस्ट २०२१ मध्ये सभागृहात उच्चारू नयेत अशा १,१६१ शब्दांची पुस्तिका काढली. जिभेवर एवढा पहारा बसवणाऱ्या सभागृहाला डोळ्यांपुरता एक नियम लिहिणे अशक्य नाही. उत्तर प्रदेश विधानसभेने २०२३ च्या नव्या नियमावलीत सभागृहात मोबाइल आणण्यासच बंदी केली. पण कागदविरहित कामकाजाच्या दिवसांत बंदी हा अर्धाच उपाय आहे. हिमाचलने २०१४ पासून आणि नागालँडने २०२२ पासून आसनासमोर पडदाच बसवला आहे, आणि इतर राज्येही त्याच वाटेने निघाली आहेत. पडदा सरकारी, वेळ सरकारी, आणि त्यांच्या वापराचा नियम मात्र कोणाच्याच कपाटात नाही, अशी स्थिती आपण किती दिवस चालू देणार?

नियम नसला म्हणजे त्याची जागा गोंगाट घेतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाच्या झेंड्यासाठी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये जी गोटमार होते, ती आपण सर्वांनी पाहिली आहे. दिवसभर दगड चालतात, डोकी फुटतात, आणि झेंडा चंडीमातेला वाहिला गेला की दोन्ही काठांचे व्यवहार पूर्ववत सुरू होतात. आपल्या राजकारणातील बेअब्रूचे असेच झाले आहे. दगड भरपूर पडतात, निवाडा होत नाही. ज्याला लागले तो दोषी होता की नव्हता, हे वर्षभराने कोणी सांगू शकत नाही. आणि दोषी असूनही तो पुन्हा आला, तर कोणत्या नोंदीवर बोट ठेवून त्याला अडवावे, हेही कोणाला ठाऊक नसते. २०१२ चे राजीनामे आठवा: शिक्षा चोवीस तासांत झाली खरी, पण ती कोणत्या नियमाखाली, किती मुदतीची, हे लिहिलेले नसल्यामुळे ती पक्षाच्या गरजेप्रमाणे संपली. घाईने दिलेली शिक्षा घाईनेच माफ होते.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, मतदार हेच अंतिम न्यायालय आहे, मग मध्ये ही कचेरी कशाला? मतदाराचा अधिकार शिरोधार्य आहे. पण २०१३ मध्ये तीन मतदारसंघांनी त्याच प्रकरणावर तीन निवाडे दिले असे मानता येत नाही, कारण मतदार रस्ता, पाणी, जात, पक्ष, उमेदवाराचा स्वभाव अशा अनेक बाबींचा एकत्र निकाल एकाच बटणाने देतो. त्या बटणाला वर्तनाची चौकशी करता येत नाही. चौकशीचा निष्कर्ष हाती असेल, तर तो विचारात मात्र घेता येतो. दुसरा आक्षेप पाळतीचा: सदस्यांचे मोबाइल तपासण्याचा अधिकार दिला, तर सत्ताधारी तो विरोधकांवर चालवतील. हा आक्षेप मला वजनदार वाटतो, आणि म्हणूनच माझी मागणी माफक आहे. सदस्याच्या घरातील, गाडीतील, खासगी यंत्राला कोणी हात लावू नये. सभागृहात आणि समितीच्या बैठकीत चालू असलेला कोणताही पडदा, तसेच सरकारने दिलेले यंत्र, एवढ्यापुरताच नियम असावा. लेखी तक्रारीवाचून चौकशी सुरू होऊ नये. चौकशी समितीत विरोधी पक्षाला निम्म्या जागा असाव्यात. यंत्राची तपासणी तटस्थ प्रयोगशाळेने करावी. सदस्याला जबाब देण्याची पूर्ण संधी मिळावी. शिक्षा ताकिदीपासून सत्रभराच्या निलंबनापर्यंत चढत्या क्रमाने लिहिलेली असावी. आणि शेवटचा अहवाल, दोषी ठरवणारा असो की निर्दोष, सभागृहाच्या पटलावर ठेवून प्रसिद्ध केला जावा. मंत्र्याच्या बाबतीत एक कलम अधिक असावे: सभागृहाला दिलेला खुलासा खोटा ठरल्यास मंत्रिपद सोडणे बंधनकारक व्हावे.

ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांच्या पिढीने मुलांना हजेरीपट शिकवला. वर्गात शरीराने बसलेला आणि मनाने गेलेला विद्यार्थी त्यांना बरोबर ओळखू येत असे. आपणही प्रतिनिधींच्या बाबतीत तीच नजर ठेवावी, आणि तिला नियमाचा आधार मागावा. मध्य प्रदेशाची विधानसभा २०२३ च्या अखेरीस निवडली गेली, तेव्हा पुढची निवडणूक फार दूर नाही. पांढुर्णा आणि सौसर या दोन्ही जागांवर जे उमेदवार आपल्या दारी येतील, ते कोणत्याही पक्षाचे असोत, त्यांच्याकडे रस्त्याची आणि संत्रा-प्रक्रियेची मागणी अवश्य करा. पण त्याच बैठकीत त्यांच्याकडून लेखी मागून घ्या की, सभागृहातील वर्तनाचे लिहिलेले नियम, निःपक्ष चौकशी आणि तिचा प्रसिद्ध अहवाल, या तिन्हींच्या बाजूने ते आपल्या पक्षाच्या बैठकीत आणि भोपाळच्या सभागृहात उभे राहतील. तहसील कचेरीतील लिपिकाला जो जाब द्यावा लागतो, त्याहून कमी जाब त्याच्यावर कायदे करणाऱ्याला द्यावा लागू नये. ही मागणी न्याय्य आहे, आणि ती करण्याचा अधिकार आपलाच आहे.